गळाला मिळालेली मुभा

लंडनच्या पश्चिमेस, समुद्रापासून सुमारे 110 किलोमीटर आत, टेडिंग्टन नावाचे गाव आहे. टेम्स नदीतून दिवसातून दोनदा वर चढणारे भरतीचे पाणी या गावच्या बांधापाशी येऊन अडते. आणि बांधाच्या खाली थोड्याच अंतरावर काठावर उभा असलेला एक दगडी स्तंभ 1909 सालापासून नदीवरील दोन अंमलांची हद्द दाखवीत आला आहे. स्तंभाच्या खालची नदी लंडन बंदराच्या प्राधिकरणाकडे, वरची नदी टेम्स-संरक्षक मंडळाकडे, अशी ती वाटणी होती. परंतु हौसेने गळ टाकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कारभाराच्या या हद्दीपेक्षा भरतीची हद्द शतकानुशतके अधिक मोलाची ठरली. कारण इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे जेथवर भरती पोहोचते तेथवर मासे धरण्याचा हक्क सर्व प्रजेचा, आणि जेथे भरती थांबते तेथून वर तो काठाच्या जमीनदाराचा. नदी एकच, मासाही बहुधा तोच. तथापि शंभर पावले खाली जो हक्कदार, तोच शंभर पावले वर परवानगीवाचून आला तर घुसखोर.

प्रजेच्या या हक्काचे मूळ शोधू गेल्यास आपण ज्या दस्तऐवजापाशी पोहोचतो तो मासेमारीसाठी लिहिलेलाच नव्हता. बाराव्या शतकात टेम्सच्या पात्रात ठिकठिकाणी खुंट ठोकून, त्यांमध्ये काटक्यांचे कूड विणून आणि मोकळ्या तोंडाशी जाळे बांधून माशांचे सापळे उभारलेले असत. त्यांना किडल म्हणत. ओहोटीच्या पाण्याबरोबर खाली जाणारा मासा त्यांत अडके, आणि त्यांच्या जोडीला होड्याही अडकत. लंडनच्या व्यापाऱ्यांना माशांची फिकीर फारशी नसली तरी होड्यांची होती. पैशाच्या विवंचनेत असलेल्या पहिल्या रिचर्ड राजाने 1197 मध्ये शहराला सनद देऊन टेम्समधील सर्व किडले उखडण्याचे फर्मान काढले. पुढे 1215 च्या जून महिन्यात, याच टेम्सच्या काठी रनीमीडच्या कुरणात, सरदारांनी जॉन राजाकडून जी सुप्रसिद्ध सनद करून घेतली तिच्या 33 व्या कलमातही टेम्स आणि मेडवे या नद्यांतून, तसेच समुद्रकिनारा वगळून साऱ्या इंग्लंडातून, किडले काढून टाकावीत असे नमूद झाले. कलम एका वाक्याचे आहे, आणि त्यात प्रजेच्या हक्काचा उच्चारही नाही.

परंतु कायदेपंडितांची बुद्धी कलमाच्या अक्षरापाशी थांबत नसते. सतराव्या शतकात सर मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने समुद्र व भरतीच्या नद्या यांवरील हक्कांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात भरतीच्या पाण्यात मासे धरण्याची मोकळीक सामान्य प्रजेला स्वभावतःच आहे असे प्रतिपादन केले; हा ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 1787 मध्ये छापला गेला आणि न्यायालयांत प्रमाण मानला जाऊ लागला. 1863 मध्ये आयर्लंडातील शॅनन नदीच्या कज्जात उमरावांच्या सभेने असा निर्वाळा दिला की, सनदेच्या काळापासून राजाला भरतीच्या पाण्यात कोणालाही नवी खाजगी मासेमारी बहाल करण्याचा अधिकारच उरलेला नाही. ज्याची वहिवाट त्याहून जुनी असेल त्याचीच काय ती अबाधित. आपल्या नावावर कसली पुण्याई जमा झाली हे रनीमीडच्या सरदारांना कळले असते तर ते चकितच झाले असते, कारण प्रत्येकाच्या मुलखात स्वतःची अशी खाजगी पाणथळे होती आणि त्यांतील मासा कुळांनी धरावा असे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आले नसते. मात्र हक्काचा उगम असा अंशतः गैरसमजात असला तरी हक्क खरा होता, आणि टेम्सच्या खालच्या अंगाला काठी घेऊन बसणाऱ्या सामान्य माणसाला तो साडेसहाशे वर्षांनंतर उपयोगी पडला.

हक्क कोणाचा हे ठरल्यावर तो कसा वापरावा हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर राज्यकर्ते फार पूर्वीपासून देऊ लागले होते. पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत, 1285 साली, वेस्टमिन्स्टर येथे झालेल्या कायद्याने उत्तरेकडील अनेक नद्यांची नावे घेऊन आणि शेवटी सॅमन मिळणाऱ्या अन्य सर्व पाण्यांचा समावेश करून असे ठरविले की, 8 सप्टेंबर ते 11 नोव्हेंबर या काळात सॅमन धरू नये, आणि वसंतात समुद्राकडे निघालेली त्याची पिल्ले गिरण्यांच्या डोहांत जाळी लावून मारू नयेत. शिक्षेच्या पायऱ्याही बांधलेल्या होत्या: पहिल्या गुन्ह्यास जाळी व साधने जाळून टाकावयाची, दुसऱ्यास पाव वर्षाची कैद, तिसऱ्यास पूर्ण वर्षाची. कायद्याचा रोख उघडच जाळ्यांवर व सापळ्यांवर आहे. काठीच्या टोकाला दोरी आणि दोरीच्या टोकाला काटा बांधून बसणाऱ्या माणसाची दखल घेण्याचे त्या काळी कोणाला कारण वाटले नाही.

त्याची दखल प्रथम घेतली ती पुस्तकाने. गळाने मासे धरण्याच्या कलेवरील इंग्रजीतील पहिला छापील प्रबंध 1496 मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने प्रसिद्ध केला. तो परंपरेने ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीच्या नावावर मांडला जातो. या प्रबंधाच्या अखेरीस जे नियम आहेत ते कोणत्याही दरबाराचे नव्हेत, आणि मला ते सगळ्या कायद्यांहून अधिक मोलाचे वाटतात. गरिबाच्या खाजगी पाण्यात त्याला विचारल्यावाचून गळ टाकू नये. दुसऱ्याच्या सापळ्यात अडकलेला मासा काढून घेऊ नये. कुंपणे मोडू नयेत आणि उघडलेले फाटक लावून घ्यावे. पैशाच्या लोभाने हा खेळ खेळू नये, आणि एका वेळी फार मासे मारू नयेत, कारण तसे केल्याने स्वतःचा व इतरांचाही खेळ संपुष्टात येतो. यापुढची गोष्ट मात्र त्या काळाच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकणारी आहे. हा मजकूर स्वस्त चोपडीच्या रूपाने वेगळा न छापता शिकार आणि कुलचिन्हे यांवरील मोठ्या, महाग ग्रंथात घातला आहे, आणि त्याचे कारणही तेथेच सांगितले आहे: रिकामटेकड्यांच्या हाती तो पडू नये. संयमाचा उपदेश करावयाचा, परंतु ज्याला पोथी विकत घेण्याची ऐपत आहे त्यालाच, असा हा प्रकार होता.

पुढे एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाच्या पहिल्याच वर्षी गाबोळी आणि पिल्ले यांच्या रक्षणासाठी पार्लमेंटने जो कायदा केला, त्यात माशांची मापे प्रथमच तपशिलाने आली: सोळा इंचांहून लहान सॅमन, आठ इंचांहून लहान ट्राउट, दहा इंचांहून लहान पाइक, बारा इंचांहून लहान बार्बेल धरावयाचा नाही. जाळ्याची आस, म्हणजे छिद्राचे माप, अडीच इंचांची असावी असे ठरले आणि त्याहून बारीक आसेची जाळी निषिद्ध झाली. याच कायद्याने साधनांच्या निर्बंधातून गळाला स्पष्ट शब्दांत वगळले. राज्याच्या दृष्टीने गळ म्हणजे निरुपद्रवी वस्तू, एका वेळी एका माशाला एकच काटा. त्यापासून नदीला धोका तो कसला? या वगळण्यातच पुढच्या तीन शतकांचा इतिहास दडलेला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, कारण सवलतीचा धनी हळूहळू दुसऱ्यांवर नियम घालणारा झाला.

लंडनचा एक कापड-व्यापारी आयझॅक वॉल्टन याने 1653 मध्ये आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले तेव्हा हे स्थित्यंतर सुरू झालेले दिसते. वॉल्टनचे आवडते पाणी ली नदीचे, जी लंडनच्या पूर्वेस भरतीच्या टेम्सला मिळते. परंतु रोच नावाचा मासा सर्वांत मोठा आणि सर्वांत लठ्ठ पाहावयाचा तर लंडन ब्रिजच्या खाली, भरतीच्या पाण्यात, असे तो सांगतो. प्रजननाच्या महिन्यांत मासे मारणाऱ्यांविषयी त्याचा संताप खरा आहे. जुने कायदे तो नावानिशी उद्धृत करतो, आणि ते अमलात आणण्यासाठी नेमलेले लोक झोपा काढतात अशी त्याची तक्रार आहे. गळवाल्याच्या तोंडी जाळेवाल्याविरुद्ध कायद्याची भाषा येथे येऊ लागली.

कायदा अमलात आणण्याचे काम टेम्सवर लंडन शहराचे होते. स्टेन्स गावाजवळ 1285 साल कोरलेला एक दगड शहराच्या अधिकाराची वरची सीमा दाखवी, आणि त्या दगडापासून खाडीच्या मुखापर्यंत नदीचा विश्वस्त लॉर्ड मेयर. त्याच्या वतीने जलरक्षक नावाचा अधिकारी होडीतून फिरे, बारीक आसेची जाळी जप्त करी आणि गुन्हेगारांना नदीच्या कचेरीपुढे उभे करी. ही कचेरी काठच्या परगण्यांत वर्षातून आठ वेळा भरत असे, मेयर स्वतः सजविलेल्या बजऱ्यातून तेथे जाई आणि न्यायदानाबरोबर भोजनाचाही थाट असे.

त्या थाटाशी निगडित असलेली एक हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ग्रिनिच आणि ब्लॅकवॉल येथील खाणावळींत उन्हाळ्यात बोटभर लांबीचे चंदेरी मासे पिठात घोळून, कडकडीत तळून वाढीत. त्यांना व्हाइटबेट म्हणत. हे मासे भरतीच्या पाण्यात अत्यंत बारीक आसेच्या जाळ्यांनी धरावे लागत, आणि पिल्ले मारण्यास मनाई करणारा कायदा तर राणीच्या काळापासून जारी होता. जलरक्षकाने कोळ्यांना पकडावे, कोळ्यांनी हा मासा पूर्ण वाढीचाच एवढा असतो, ही स्वतंत्र जात आहे अशी बाजू मांडावी, असा वाद चालू असता अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराने कोळ्यांचे म्हणणे मान्य करून मासेमारीला मुभा दिली. विल्यम यॅरेल या निसर्गशास्त्रज्ञानेही 1828 च्या सुमारास व्हाइटबेट ही निराळी जात असल्याचा निर्वाळा दिला. मग काय विचारता! एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटचे अधिवेशन संपले की ब्रिटिश मंत्रिमंडळ दरवर्षी बोटीने ग्रिनिचला जाऊन व्हाइटबेटवर ताव मारू लागले. कालांतराने सिद्ध झाले की ही स्वतंत्र जात नसून हेरिंग व स्प्रॅट यांची पिल्लेच आहेत. म्हणजे ज्या सभागृहाने पिल्ले मारणे गुन्हा ठरविला होता, त्याचेच नामदार सभासद ती पिल्ले ताटभरून खात होते. आणि मत्स्यशास्त्राचा निकाल कायद्याच्या विरुद्ध गेला तरी भोजनाचा बेत त्यापायी रद्द झाल्याचे ऐकिवात नाही.

1831 मध्ये लंडनचा नवा पूल खुला झाला आणि त्यानंतर अरुंद कमानींचा जुना पूल पाडण्यात आला. तो जुना पूल एखाद्या बांधाप्रमाणे पाणी अडवून धरी; तो जाताच भरती वरच्या अंगाला जोराने चढू लागली आणि ओहोटीला रिचमंड, ट्विकनम येथील पात्र उघडे पडू लागले, इतके की अखेर 1894 मध्ये रिचमंडला पाणी धरून ठेवणारी उचलती दारे बांधावी लागली. हाच तो पट्टा जेथे लंडनचे सुखवस्तू लोक सुट्टीच्या दिवशी पसरट होडीत खुर्च्या मांडून बसत. दोन्ही टोकांना लोखंडी टोकाच्या वासांनी होडी प्रवाहाला आडवी रोवून ठेवण्याचे, आमिष लावण्याचे व मासा सोडविण्याचे काम धंद्याने कोळी असलेला नावाडी करी.

या मंडळींनी 1838 मध्ये हॅम्प्टन येथे जमून टेम्सवरील गळाच्या मासेमारीचे संरक्षण करणारी संस्था स्थापन केली. वर्गणीतून पगारी रखवालदार ठेवण्यात आले, शहराने त्यांना जलरक्षकाचे मदतनीस म्हणून अधिकार दिले, आणि रिचमंडपासून स्टेन्सपर्यंतचे निवडक डोह खुंट ठोकून जाळ्यांना बंद करण्यात आले. सहाशे वर्षांपूर्वी खुंट उखडावे म्हणून फर्मान निघाले होते. आता संरक्षणासाठी ते ठोकले जाऊ लागले. संस्थेने उघड केलेल्या चोरट्या मासेमारीचे प्रमाण मोठे असेलही, आणि रात्री बारीक जाळी ओढणाऱ्यांनी नदीचे नुकसान केले हेही खरे. परंतु जो कोळी पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर पोट भरीत आला होता तो या बंदोबस्तामुळे काठाकाठाने हटत गेला आणि त्यातल्या नशीबवानांना खेळाडूंच्या होड्या वल्हविण्याची नोकरी मिळाली, या वस्तुस्थितीकडे संस्थेच्या कौतुकात काणाडोळा केला जातो.

दुर्दैव असे की, जाळ्यांवर नजर ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत नदी अन्य कारणाने मरत होती. भरतीच्या हद्दीच्या बरेच वर, टॅप्लो येथील कोळ्यांच्या वह्यांत 1794 ते 1821 या काळात धरलेल्या 483 सॅमन माशांची नोंद आहे. त्यांपैकी 66 एकट्या 1801 सालातले, आणि 1821 सालात फक्त दोन. समुद्रातून येणाऱ्या सॅमनला टॅप्लोला पोहोचावयाचे तर लंडनच्या भरतीच्या पाण्यातून जावे लागे, आणि त्या पाण्यात आता कारखान्यांचे सांडपाणी व वाढत्या शहरातील शौचकूपांचा मैला येऊन पडत होता. भरती तो वर ढकली, ओहोटी खाली ओढी, आणि घाण आठवडेच्या आठवडे शहरासमोर येरझारा घालीत राही. वर नव्या बांधांनी वाट अडविलेली होतीच. 1833 नंतर टेम्समध्ये सॅमन सापडल्याची विश्वसनीय नोंद दीर्घकाळ मिळत नाही. 1858 च्या उन्हाळ्यात तर दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालेना आणि खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्षाराने भिजवून लावावे लागले. सॅमन एके काळी मुबलक होता याचा पुरावा म्हणून, नोकरीच्या करारात आठवड्यातून इतक्याच वेळा सॅमन खाऊ घालावा अशी अट उमेदवार मुले घालीत, ही कथा इंग्लंडातील अनेक नद्यांविषयी सांगतात. तसा अस्सल करारनामा मात्र कोणी पुढे आणलेला नाही.

नियमांच्या इतिहासातील पुढचा टप्पा सरदारांचा वा सुखवस्तूंचा नाही. 1865 च्या कायद्याने सॅमनसाठी काठीवरही परवाना-शुल्क बसविले, आणि 1878 मध्ये शेफील्डचे पार्लमेंट-सदस्य मंडेला यांनी गोड्या पाण्यातील माशांचा कायदा मंजूर करून घेतला. शेफील्डच्या पोलाद-कारखान्यांतील कामगारांचे गळाचे संघ त्या काळी मोठे होते. रोच, ब्रीम, बार्बेल यांसारखे, श्रीमंतांच्या लेखी हलके असलेले मासे हाच त्यांचा रविवारचा आनंद. या माशांची वीण वसंतात होते म्हणून 15 मार्च ते 15 जून हा बंदीचा काळ ठरला, आणि एके काळी निर्बंधांतून स्पष्टपणे वगळलेला गळही या बंदीखाली आला. गळवाल्यांनी स्वतः मागून घेतलेला हा निर्बंध आहे, ही त्यातील विशेष गोष्ट. नद्यांवर तो याच तारखांनी आजही चालू आहे, भरतीच्या टेम्सवरही. बहुतेक तळ्यांतून तो 1995 मध्ये उठला.

एकोणिसाव्या शतकाच्या याच उत्तरार्धात हद्दीचा प्रश्नही पक्का झाला. टेम्सच्याच वरच्या, भरतीबाहेरच्या भागासंबंधी 1891 मध्ये न्यायालयाने ठरविले की, तेथे लोक कितीही वर्षे मोकळेपणाने गळ टाकीत आले असोत, तेवढ्या वहिवाटीने प्रजेला मासेमारीचा हक्क प्राप्त होत नाही. जो वाद टेम्सच्या काठी सुरू झाला होता त्याचे पडसाद एव्हाना आपल्याकडेही उमटले होते. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रात खुंट रोवून जाळी लावणाऱ्या कोळ्यांचा एक तंटा 1876 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि मुख्य न्यायाधीश वेस्ट्रॉप यांनी इंग्रजी ग्रंथांचा मागोवा घेत समुद्रातील मासेमारी ही सर्वांची समाईक बाब आहे असे तत्त्व मांडले. 1897 च्या भारतीय मत्स्य-कायद्याने सुरुंगाची दारू व विष वापरण्यास बंदी केली आणि जमिनीत रोवलेल्या सापळ्यांवर, बांधांवर व जाळ्यांच्या प्रकारांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. रनीमीडला ज्या किडलांवर बोट ठेवले गेले होते तीच ही वस्तू. आमच्या कोळ्यांनी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवून नारळी पौर्णिमेला समुद्र पुन्हा खुला करण्याचा जो शिरस्ता पाळला, त्याला मात्र कोणत्याही कलमाचा आधार लागला नव्हता. त्याचे मूळ कारण वादळ, माशांची वीण सुखरूप पार पडे हा त्याचा लाभ.

टेम्सच्या भरतीच्या पाण्याची त्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगता येते. 1957 मध्ये निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयाने ही नदी जीवशास्त्रदृष्ट्या मृत ठरविली. मैलाशुद्धीची केंद्रे सुधारल्यावर 1960 नंतरच्या दशकात वीजकेंद्रांच्या पाणी खेचणाऱ्या तोंडांवरील चाळण्यांत मासे सापडू लागले, आणि 1974 मध्ये वेस्ट थरॉकच्या केंद्रात एक सॅमन मिळाला. नियमही नव्या काळाला धरून आले. हंसांच्या पोटात शिशाची वजने जाऊन ते मरत असल्याचे दिसल्यावरून 1987 पासून लहान शिसे-वजनांवर बंदी झाली. गोड्या पाण्यातील मासे, सॅमन, ट्राउट, स्मेल्ट आणि ईल यांसाठी आता भरतीच्या हद्दीतही परवाना लागतो, केवळ समुद्री माशांसाठी लागत नाही. म्हणजे प्रजेचा हक्क कायम आहे, परंतु तो बजावण्यापूर्वी पैसे भरावे लागतात. 65 सेंटिमीटरपर्यंतचा एकच पाइक आणि ठराविक जातींचे 20 सेंटिमीटरपर्यंतचे पंधराच लहान मासे गळवाल्याला नदीवरून एका दिवसात घरी नेता येतात. माप उलटे झाले आहे: राणीच्या कायद्यात लहान मासा सोडावयाचा होता, आज मोठा सोडावयाचा, कारण वीण त्याच्याकडून अधिक होते.

आणि ईल तर अजिबात नेता येत नाही. वामेसारख्या लांब अंगाचा हा मासा लंडनच्या गरिबांचे शतकानुशतकांचे अन्न होते, ट्विकनमसमोरच्या बेटाचे नावच त्याच्या पुरणाच्या कचोरीवरून पडले आहे. आज त्या बेटाच्या काठी कोणाच्या गळाला ईल लागला तर काटा काढून त्याला जिवंत पाण्यात सोडावे, असा नियम आहे.